फुगलेली बॅटरी
परवा पिंपरी कॅम्पातल्या दुकानदाराने दुरुस्तीसाठी माझा मोबाइल उघडला आणि नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला. हाच वास काही वर्षांपूर्वी चाकणच्या एका शेडमागे आला होता. कारखान्यांची छपरं तपासायला लहान ड्रोन उडवणारी माणसं तिथे निवडली जात होती आणि मी बातमीसाठी गेलो होतो. काळेवाडीची एक मुलगी शिफ्टची नोकरी सोडून आली होती. या निवडीवर तिचं सगळं अवलंबून होतं. तिने ड्रोनची बॅटरी बोटाने दाबली, हुंगली. "सर, ही फुगलीये. दुसरी द्या, लगेच उडवते." काळा चष्मा लावलेल्या परीक्षकाने बॅटरीकडे पाहिलंही नाही. "मॅडम, ड्रोन उडवायला आलात की फुगे विकायला?" सगळे हसले. तिच्या नावापुढे त्याने 'आत्मविश्वास कमी' असं लिहिलं. पुढचा उमेदवार म्हणाला, "द्या इकडं सर, त्यात काय एवढं!" त्याने तीच बॅटरी बसवली. ड्रोन छपराइतका वर चढला, धूर सोडत गवतात पडला आणि जळाला. परीक्षकाने टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात डेरिंग!" त्या उमेदवाराची तिथेच निवड झाली. मुलगी पिशवी उचलून फाटकाबाहेर पडली, तेव्हा मी आयोजकांचा चहा पीत होतो. परवा दुकानदाराने "भाऊ, लांब व्हा जरा," म्हणत माझी बॅटरी वाळूच्या डब्यात टाकली; त्याला कोणी भित्रा म्हटलं नाही. माझ्या त्या बातमीचं शीर्षक होतं, 'ड्रोनचालकांची निवड चाचणी उत्साहात'.