शेततळ्याच्या काठावर मोजणारी

"आजी, कोपर वाकवू नको! पोळ्या लाटायलीस का?"

मागून आवाज आला आणि मी हात ताठ केले. समोर मातीत माझी सून संगीता पडली होती. ओठ निळे, डोळे अर्धवट उघडे, नाकाला फेस. श्वास नाही. शेजारच्या शेतातल्या दिगंबरनं तिला शेततळ्यातून ओढून माझ्यापुढं टाकलं होतं आणि लगेच पुन्हा उडी मारली होती, कारण माझी नात प्रज्ञा अजून आत होती. मोटारीच्या पाइपातला गाळ काढताना आईचा पाय घसरला. तिला ओढणी द्यायला पोरगी वाकली आणि तीही गेली. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावरून कुत्रंसुद्धा वर चढत नाही.

पोरीचा आवाज ऐकला आणि मला वाटलं... निघाली. दिगंबरनं काढली तिला. मी वळून पाहिलं नाही. सून मरत होती, वळते कशाला?

दिगंबरची आई पारूबाई माझ्याशेजारी बसून ओरडत होती.

"शांताबाई, पालथी घाल तिला! पोट दाब, पाणी निघू दे! न्हाई तर गावात नेऊ, कुंभाराच्या चाकावर घालू!"

आमच्या कुंभार पिंपळगावच्या शिवारात बुडालेल्या माणसाला असंच करतात. चाकावर पालथं टाकून गरगर फिरवायचं, मग पाणी तोंडावाटे पडतं म्हणे. मीही तेच केलं असतं. छातीवरचे हात काढून मी संगीताच्या कमरेखाली घातलेसुद्धा. तेवढ्यात मागून पुन्हा पोरीचा आवाज आला.

"बिलकुल न्हाई! पोटाला हात लावू नको. मान मागं कर, नाक दाब, तोंडात फुंक. छाती वर आलेली दिसली पाहिजे."

"करायले की, प्रज्ञे! तू गप!" मी ओरडले.

हे मी मोठ्यानं बोलले, ते लक्षात ठेवा.

प्रज्ञा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली म्हणून अभ्यासाला शेतातल्या घरी आली होती. तिला रोज पेशंट लागायचा आणि पेशंट म्हणजे मी. बाजेवर मला आडवं करायची, मी पडलेली असतानाच खालची चादर बदलायची. नाडी बघायची, तोंड पुसायची, या कुशीवरून त्या कुशीवर वळवायची. मी म्हणायचे, "मेल्यावर बी इतकं लोळवू नका गं मला." तर म्हणायची, "पेशंट बोलत नसतो, आजी." बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, हे मी तिच्याकडूनच ऐकलं. पण छाती दाबणं तिनं माझ्यावर कधी केलं नाही. चालत्याबोलत्या माणसावर करत नाहीत, बरगडी मोडते, म्हणाली. ते ती आतल्या खोलीत उशीवर करायची. मी तेव्हा बाहेर भांडी घासत असायचे. आकडे ऐकू यायचे तेवढे. हात कुठं ठेवायचा, किती जोर लावायचा, मी पाहिलेलंच नाही.

आणि त्या दुपारी ती मागून एकेक सांगत होती.

"खाली सरकलीस आजी, पोट दाबायलीस. वर घे. छातीच्या मधोमध. जल्दी... अजून जल्दी. ट्वेंटी-एट, ट्वेंटी-नाइन, थर्टी. आता दोनदा फुंक."

मध्येच संगीताच्या छातीत कडकन वाजलं. माझे हात थांबले.

"वाजू दे. थांबू नको."

मी थांबले नाही. माझे गुडघे सोलून निघाले, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. पारूबाईनं ओरडणं सोडलं होतं, नुसती माझ्याकडं बघत होती. मग संगीताच्या पोटातून आवाज आला आणि तोंडातून पाणी आलं.

"कुशीवर घे! कुशीवर!"

मी तिला वळवलं. ती खोकली. पुन्हा खोकली, आणि श्वास घेतला.

"प्रज्ञे, आली बघ तुझी आई—" म्हणत मी मागं वळले.

मागं कोणी नव्हतं. रिकामा बांध आणि पलीकडं कपाशी. तळ्यात दिगंबरचं डोकं वर आलं, त्यानं दम घेतला आणि पुन्हा बुडी मारली. पोरगी अजून पाण्यातच होती.

तिला काढली तेव्हा मी तिच्यावरही तेच सगळं केलं. तसेच हात, तसंच फुंकणं. "मोज," म्हटलं. "मोज गं प्रज्ञे!" कोणी मोजलं नाही. मग मीच मोजायला लागले, चौथी शिकलेली बाई, मराठीत. आकडा हरवला की पुन्हा एकपासून. दवाखान्यात न्यायला जीप आली तरी हात सोडत नव्हते. दिगंबरनं मला ओढून बाजूला केलं.

आमच्या घरात भूत नाही, अंगात येणं नाही, उतारा नाही. सासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हाच हे सगळं घराबाहेर गेलं. बायका असलं काही सांगायला लागल्या की मी उठून जायचे. आजही कोणी प्रज्ञाचा आत्मा म्हणालं तर मला राग येतो.

माझा मास्तर भाचा म्हणतो, "मावशी, तुम्ही रोज तिचा अभ्यास ऐकत होता. घाबरल्यावर डोकं तेच परत ऐकवतं." असेल. पण हात खाली सरकलाय, हे मला दिसत नव्हतं. तो सरकलेला कोणी पाहिला?

पारूबाईला आवाज आला नाही. तिनं फक्त माझी उत्तरं ऐकली.

"तू कोणाशी बोलायलीस ते मला कळलं होतं," ती नंतर म्हणाली. "पोरगी पाण्यात हाय, हे बी मला दिसत होतं."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"तुझे हात थांबले असते, शांताबाई. मंग दोघी गेल्या असत्या."

कितीतरी दिवस मी तिचं तोंड पाहिलं नाही. आता बोलते.

संगीतानं एकदाच विचारलं, "आत्याबाई, मला ठेवून तिला का न्हाई काढलं आधी?" मी म्हणाले, "तू दिगंबरच्या हाताशी होतीस."

संगीता जगली. प्रज्ञा गेली.