दाजींकडच्या घंट्या

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. ठेवला तो फक्त गाई-म्हशींच्या फुफ्फुसांवर. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. इगतपुरीकडच्या खेड्यांतून गुरांचे डॉक्टर म्हणून हिंडण्यात त्यांचं नव्वदचं अख्खं दशक गेलं. पंगतीत शेजाऱ्याला ठसका लागला तरी हे घास हातात धरून कान टवकारत, आणि कोरडाच आहे, घाबरू नका, असं जाहीर करून पुन्हा जिलबीकडे वळत. पहिल्या दिवाळसणाला आले तेव्हा सासऱ्यांच्या पाया पडण्याआधी त्यांनी त्यांच्या पाठीला कान लावला होता. ताई आजही तो विषय काढू देत नाही.

तिकडचा पाऊस एकदा बसला की गोठे वाळायचं नाव घेत नाहीत आणि गुरांच्या छात्या भरतात. मग दाजी अँटिबायोटिकच्या सुया सुरू करत. अडचण औषधाची नव्हती, दुधाची होती. सुया चालू असताना आणि नंतरही काही दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, हा त्यांचा दंडक. त्यामुळे गाय चाऱ्याला तोंड लावू लागली की मालक म्हणे, झाली बरी, आता पुरे. अर्धवट सोडलेला आजार मग दुप्पट जोराने उलटे. यावर दाजींनी जगावेगळा उपाय काढला. पहिली सुई टोचली की ते गाईच्या गळ्यातली घंटी सोडून आपल्या पिशवीत टाकत. तिथल्या धुक्यात बिनघंटीची गाय रानात सोडायची कुणाची हिंमत नव्हती. गाईला आपोआप विश्रांती मिळे आणि मालक शेवटच्या सुईपर्यंत दाजींच्या मागे फिरे. ताईच्या स्वयंपाकघरात त्या घंट्या खुंट्यांना लटकत. फोडणी देताना तिच्या डोक्याला लागत, आणि ती दाजींचा उद्धार करी.

एका म्हातारीची एकुलती एक गाय अशीच धापा टाकू लागली. त्या दुधावरच तिची चूल पेटायची. गाय खायला लागल्याबरोबर ती घंटी मागायला आली, दारात बसून भांडली, रडली. दाजींनी घंटी दिली नाही. सुया संपून दूध पुन्हा डेअरीला जाईपर्यंत तिच्या घरी पीठमीठ मात्र गुपचूप धाडत राहिले. गाय वाचली.

पुढच्याच पावसाळ्यात दाजींना स्वतःला न्यूमोनिया झाला. नाशिकला दवाखान्यात ठेवलं. ताप उतरला तसा गडी पलंगावरून उतरला. म्हणे, मला कळतं, मी बरा आहे, तिकडे गुरं खोळंबलीत. डॉक्टरांचं सांगून झालं, ताईचं रडून झालं. तेवढ्यात ती म्हातारी भेटायला आली. तिने सगळं ऐकून घेतलं, वाकली, आणि पलंगाखालचे दाजींचे गमबूट उचलून बोचक्यात बांधले. त्या बुटांशिवाय दाजी चिखलात पाऊल टाकत नसत.

‘‘शेवटची सुई झाली का आणून देईन,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या गायीपेक्षा लय शहाणे नाय तुमी.’’

दाजी मुकाट्याने आडवे झाले आणि त्यांनी दंड पुढे केला.

आता ते निवृत्त होऊन सातपूरला फ्लॅटमध्ये राहतात. घंट्या ज्याच्या त्याला परत गेल्या. एक तेवढी उरली आहे. म्हातारीची गाय वय होऊन गेली, तेव्हा तिने स्वतः आणून दिलेली. ती दारामागे टांगली आहे. दार उघडलं की वाजते, आणि दाजी पेपर खाली ठेवून विचारतात, कुणाची आली? आलेला असतो गॅसवाला, नाहीतर मी. त्यांचा चेहरा उतरतो, आणि मला फार वाईट वाटतं. मग मी त्यांच्याजवळ जाऊन बसतो आणि उगाच थोडं खोकून दाखवतो.