समुद्राकडं पाठ

विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली आम्ही ज्या निळ्या फितीला अडकवलीय, ती मुळात बोटीवरच्या खोलीच्या कार्डाची फीत आहे, आणि ती हातात आली की मला अजून वैताग येतो. तात्यांना, म्हणजे वडिलांना, मी मुंबईहून तीन दिवसांच्या बोटीच्या सहलीला नेलं होतं, मुद्दाम समुद्राकडच्या गॅलरीची खोली घेऊन. नेमकी बोट सुटली त्याच दिवशी शेळगावात आमच्या उसाला कालव्याच्या पाण्याची पाळी आली. शेजाऱ्याला दारं धरायला, म्हणजे सरीसरीतून पाणी फिरवायला, सांगितलं होतं, पण किनारा मागं पडला तशी रेंज गेली. पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचलं का, हे कळेना, म्हणून तात्या फोन उंच धरून बोटीचे अकरा मजले हिंडत राहिले. गॅलरीत बसले तरी समुद्राकडं पाठ. "तात्या, एकदा बघा की तिकडं!" मी चिडून म्हणालो. "बघितलं. एवढं पाणी हाय, पण सरीत सोडायच्या कामाचं न्हाय." तिसऱ्या दिवशी बंदर जवळ आलं आणि फोन लागला. "कवाच भिजलाय ऊस, तुमी मजा करा," शेजारी म्हणाला. तात्यांचा चेहरा खुलला. खुर्ची वळवून ते म्हणाले, "हां, आता दाव तुझा समुद्र." समोर क्रेन, गोदामं आणि धक्क्यावर उभ्या टॅक्स्या होत्या. परवा मुलीनं मला महाबळेश्वरला नेलं. मावळता सूर्य दाखवत ती म्हणाली, "बाबा, बघा ना!" मी म्हणालो, "थांब जरा, रेंज आलीय."