माणसं पुरवणारे परबकाका

परबकाका कुणालाही आधी नाव विचारत नसत. कामाला आलेला माणूस समोर उभा राहिला की पहिला प्रश्न, "गाव कुठलं?" दुसरा, "गावात जत्रा कधी असते?" आणि तिसरा, "घरात लग्नाचं कोण राहिलंय?" शिक्षण, अनुभव, आधार कार्ड हे सगळं त्यानंतर. उमेदवार बिचारा गोंधळून जायचा. आपण नोकरी मागायला आलोय की सोयरीक जुळवायला, हे त्याला कळायचं नाही.

साकीनाक्याच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून काका बसायचे. आजूबाजूच्या कारखान्यांना माणसं पुरवणं हा त्यांचा धंदा. पाटीवर 'मॅनपॉवर सप्लायर' असं भारदस्त लिहिलं होतं, पण अख्खा नाका त्यांना 'माणसंवाले परब' म्हणायचा. टेबलामागच्या भिंतीवर एक भलंमोठं कॅलेंडर. त्यावर लाल गोल कोकणातल्या गणपती-शिमग्याचे, हिरवे बिहारच्या छठपूजेचे आणि निळे मरोळच्या गावठाणातल्या ख्रिस्ती सणांचे. "माणसं मिळत नाहीत म्हणून सगळे रडतात," काका सांगायचे. "मिळतात ओ! ती जाणार कधी, ते कुणी विचारतच नाय."

मी अकोल्याची. एमबीए करून विजेची बटणं बनवणाऱ्या एका कंपनीत एचआर म्हणून लागले. आमच्या पॅकिंगला माणसं काकाच द्यायचे. पहिल्याच भेटीत मी त्यांच्यापुढे लॅपटॉप उघडला आणि पंधरा दिवस खपून केलेला वर्षभराचा मनुष्यबळ आराखडा दाखवला. काकांनी चष्मा पुसून तो वरपासून खालपर्यंत पाहिला. "रंग झकास भरलेत, मॅडम." मी खूश. मग म्हणाले, "यात आजारी सासू कुठं धरलीय?"

मला भयंकर राग आला. पण त्याच महिन्यात पॅकिंगच्या चार बायका सासूच्या आजारपणापायी घरी बसल्या आणि काकांनी दुसऱ्याच दिवशी चार नव्या हजर केल्या. म्हणजे सासवांचा हिशेब त्यांनी आधीच करून ठेवला होता. वर मलाच समजावलं, "पावसाळ्यात सासवा पडतात मॅडम, उन्हाळ्यात पोरांच्या परीक्षा. टेन्शन नाय घ्यायचं."

खरी फजिती पुढेच होती. आमच्या अकोल्यात गणपती वाजतगाजत येतात, पण त्यासाठी माणसं शहर सोडून कुठे जात नाहीत. त्यामुळे परदेशी जाणाऱ्या मोठ्या ऑर्डरचं पॅकिंग मी बिनधास्त गणपतीच्या आठवड्यात लावलं. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, ही ऑर्डर वेळेत गेली तर तुला कायम करू, नाहीतर दुसरीकडे बघ. आराखडा बघून काकांनी कपाळाला हात लावला.

"वाट लागली! अहो, पॅकिंगची सगळी पोरं-बायका कोकणातली. गणपतीला कोण थांबणार?"

"जादा पैसे देऊ," मी म्हणाले.

"सोन्याचं बटण दिलंत तरी नाय थांबणार. मी पण नाय थांबणार. गावी आई नव्वदीची आहे माझी. तीस वर्षांत एक गणपती चुकला नाय."

माझं तोंड उतरलेलं पाहून तेच हसले. त्यांच्याकडे जुनी सोय होती. गणपतीत मरोळच्या फिलोमिनाबाई आपल्या गावठाणातल्या तीस बायका घेऊन कोकणवाल्यांच्या जागी उभ्या राहायच्या आणि नाताळात कोकणातल्या बायका त्यांची कामं उचलायच्या. काकांनी तिथल्या तिथे फोन लावला. "फिलोमिना, गणपतीचे दिवस नेहमीसारखे?" पलीकडून उत्तर आलं, "नेहमीसारखे रे!" विषय संपला. माझा जीव भांड्यात पडला.

गणपतीला तीन दिवस उरले आणि काका माझ्या केबिनमध्ये आले. नेहमी खुर्ची ओढून बसणारा माणूस उभाच राहिला.

"मॅडम, चूक झाली. माझी."

झालं होतं असं. गेल्या वर्षी अधिक महिन्यामुळे गणपती उशिरा आले होते, मरोळवाल्यांचा मोत माउलीचा मोठा ख्रिस्ती सण होऊन गेल्यावर. या खेपेला ते लवकर येत होते आणि दोन्ही सण एकाच आठवड्यात पडत होते. 'नेहमीसारखे' म्हणताना काकांनी तिथी धरली, फिलोमिनाबाईंनी गेल्या वर्षीचा महिना धरला, आणि तारीख दोघांनीही विचारली नाही. भिंतीवर लाल आणि निळा गोल शेजारी-शेजारी होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुट्ट्या मोजणाऱ्या माणसाला ते दिसले नाहीत. मोत माउलीच्या सणाला मरोळची एकही बाई कामावर येणार नव्हती आणि आणणं बरोबरही नव्हतं.

मी चक्क रडले. एचआरने रडू नये असं आम्हाला शिकवलं होतं, पण पुस्तक लिहिणाऱ्याला साकीनाका माहीत नसावा.

काका निघून गेले. मला वाटलं, गावाला गेले. रीतच होती ती. तिसऱ्या दिवशी, चतुर्थीच्या सकाळी, पॅकिंगच्या दारात तीन रिक्षा थांबल्या आणि त्यांतून आज्या उतरल्या. नंतर आणखी तीन रिक्षा, आणखी आज्या. असल्फ्याच्या आणि घाटकोपरच्या चाळींतल्या या बायका. घरची सगळी माणसं गावी गेलेली आणि गुडघ्यांमुळे एसटीचा प्रवास झेपत नाही म्हणून या मागे राहिलेल्या. बऱ्याच जणी कधीकाळी याच पट्ट्यातल्या कारखान्यांत काम केलेल्या. शेवटच्या रिक्षातून काका उतरले.

"गावी कोण जाणार ते आयुष्यभर मोजलं," ते म्हणाले. "कोण जाऊ शकत नाय, ते कधी मोजलंच नव्हतं. आता खुर्च्या मागवा. ह्या उभ्याने काम नाय करणार."

पुढचे पाच दिवस माझ्या पॅकिंगमध्ये माझं कोणी ऐकलं नाही. आज्यांनी टेबलं स्वतःच्या सोयीने फिरवली, सुपरवायझरला "गप रे, तुझ्या बापाला मी पॅकिंग शिकवलंय" म्हणून झापलं, आणि दुपारी डबे उघडण्याआधी खोक्यांच्या थप्पीसमोर टाळ्या वाजवत आरती म्हटली. चतुर्थीच्या त्या आरतीला काका जरा बाजूला उभे होते. भावाने गावच्या गणपतीसमोर फोन धरला होता आणि काका त्या एवढ्याशा पडद्याला हात जोडत होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिकडं चाळीस माणसं आहेत. माझी घंटा कोणीतरी वाजवेल." पाचव्या दिवशी संध्याकाळी ट्रक भरून गेला आणि महिन्याभरात मी कायम झाले.

त्यांची आई मार्गशीर्षात गेली.

मला ते फिलोमिनाबाईंकडून कळलं. मी झेरॉक्सच्या दुकानात गेले. त्यांचा तिच्यासोबतचा शेवटचा गणपती माझ्या बटणांनी खाल्ला होता, आणि ते मला आयुष्यभर सलणार होतं. तसं मी सरळ बोलून टाकलं.

"काय पण डोक्यात घेता, मॅडम," काका म्हणाले. "त्या दिवशी तुमच्या केबिनमधून बाहेर पडलो, तो पहिला फोन आईलाच केला. म्हटलं, माझ्या चुकीने एका पोरीची नोकरी जातेय, काय करू? ती काय म्हणाली माहिताय? 'तां चेडू परक्या गावचां. तेका थंय कोण आसा? तू रव.' थांब म्हणाली मला."

मी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं. तरी दुसऱ्यांदा रडले, आणि या वेळी काकाही.

यंदा गणपतीत आमचं पॅकिंग बंद आहे. साहेबांकडून तशी सही मी जूनमध्येच घेतली. काकांनी कुडाळची दोन तिकिटं काढली आहेत, एक त्यांचं आणि शेजारचं माझं.