धाकट्याच्या नावाचं रक्त

धाकटा वाकडी, वीतभर सुई घेऊन दिवसभर सोफे शिवायचा, पण दवाखान्यातली सुई दिसली की त्याची बोबडी वळायची. थोरला त्याच्याहून काही मिनिटांनीच मोठा. तेवढ्या भांडवलावर त्याने जन्मभर दादागिरी केली. दोघं इतके सारखे दिसायचे, की गिऱ्हाईक एकाशी बोलायला सुरुवात करायचं आणि दुसऱ्याशी संपवायचं.

धाकट्याला सारखी तहान लागायला लागली, तशी त्याच्या बायकोने शुगर तपासायचा धोशा लावला. त्याने शक्कल लढवली. "दादा, तू जा ना. आपलं रक्त काय वेगळं आहे का?"

दादाला गंमत वाटली. दर वेळी तोच जायचा, धाकट्याचं नाव सांगायचा आणि रिपोर्ट झकास यायचा.

मग घरात व्हायरल ताप शिरला. थोरला दोन दिवस शिंकला आणि कामाला लागला. धाकटा ऑक्सिजनवर गेला.

थोरल्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. एकच घर, एकच ताप, मग यालाच का? नर्सला, वॉर्डबॉयला, भेटेल त्याला तो विचारत सुटला. शेवटी डॉक्टरीणबाई सापडल्या.

"मलाही तेच कोडं पडलंय," त्या खुर्ची ओढून बसल्या. "काहींची जनुकंच अशी असतात, की साधा व्हायरसही त्यांना जड जातो. पण तुम्ही एकाच बीजाचे जुळे, जनुकं सारखीच. जुना डायबेटिस असता तर समजलं असतं, त्यात शरीराची लढायची ताकद कमी पडते. आत्ता शुगर चढलीय खरी, पण ती आजारपणाने असेल. आधीचे रिपोर्ट छान आहेत."

"छानच येणार," थोरला हसला, "ते तर माझे..."

हसू तिथेच विरलं. दाराशी भावजय उभी होती. पण आत भाऊ धापा टाकत होता.

"बाई, ते रक्त माझं होतं. प्रत्येक वेळचं."

बाई तडक वॉर्डकडे गेल्या आणि उपचार बदलले. भावजय एवढंच म्हणाली, "भाऊजी, त्या कागदांवर विसंबून मी निर्धास्त झोपत होते हो." थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धाकटा वाचला. घरी सोडताना बाई थोरल्याला म्हणाल्या, "जनुकं तीच आहेत. तुमच्यावरही ही पाळी येऊ शकते. शुगर तपासत राहा."

दुकानात एके सकाळी थोरल्याने पाण्याचा तांब्या उचलला. रिकामा होता. मघाशीच भरला होता, आणि दुकानात तो एकटाच होता. त्याने तांब्या खाली ठेवला आणि धाकट्याला फोन लावला.

लॅबमध्ये धाकटा सोबत आला. "दादा, तुझ्याऐवजी मी जाऊ?" त्याने हळूच विचारलं. दोघांनाही हसू आलं नाही.

"नाव?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

सवयीने धाकट्याचं नाव जिभेवर आलं. ते गिळून त्याने स्वतःचं नाव सांगितलं आणि बाही वर केली.