जर घर दगडाचं असेल

प्रवासवर्णन लिहावे ते दूर जाऊन आलेल्यांनी, असे मी आजवर मानत आले. मी गेले ती नांदेडहून लातूरला आणि तिथून औसा तालुक्यातल्या एका गावाला. तेही दोनच दिवसांसाठी. ज्या कामासाठी गेले, ते मुलांना कोडिंग (संगणकाला टप्प्याटप्प्याने आज्ञा लिहून देणे) शिकवण्याचे काम मी स्वतः एकोणसाठाव्या वर्षी, विष्णुपुरीच्या एका शिबिरात, माझ्या विद्यार्थ्यांच्या मुलांशेजारी बसून शिकले. त्याआधी आयुष्यभर मराठीचे व्याकरण शिकवले. तेव्हा या धाडसाबद्दल वाचकांनी क्षमा करावी. लिहिल्यावाचून चैन पडत नाही, एवढेच निमित्त.

काम असे होते. एका संस्थेने त्या गावाची जिल्हा परिषद शाळा जपानमधल्या एका शाळेशी जोडून दिली होती. दोन्ही गावांनी भूकंप पाहिलेला. पाचवीच्या मुलांनी आपापल्या शाळेत भूकंपावर एक खेळ तयार करायचा, जमीन हलू लागली की पडद्यावरच्या बाहुलीला वाचवायचे, आणि ठरलेल्या सकाळी व्हिडिओ कॉलवर समोरासमोर एकमेकांना दाखवायचा. आदल्या दिवशी जाऊन मुलांची तयारी पाहणे माझ्याकडे होते.

सकाळी सातच्या बसने निघाले. लोहा येईपर्यंत लॅपटॉपची पिशवी तीनदा उघडून चार्जर असल्याची खात्री केली. शेजारच्या काकांनी ते पाहिले असावे. लेकराला कोणत्या क्लासला घालून राहिलात, असे त्यांनी विचारले. सोबत लेकरू नाही, असे मी म्हणाले, तर त्यांनी काळजीने पाहिले. "मग लातूरला कशाला चाललात?"

अहमदपूरला बस थांबली. गरम सुशीला (भिजवलेले मुरमुरे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतलेले) घेतली. पण बस सुटेल या धास्तीने अर्धी तशीच टाकून जागेवर येऊन बसले. बस पुढे पंधरा मिनिटे हलली नाही.

लातूरला दुसरी बस धरली. कंडक्टरने गावाचे नाव ऐकून विचारले, "जुनं का नवं?"

मी म्हणाले, "हो."

हा माझा जुना दोष आहे. अनोळखी माणसाने काही विचारले की प्रश्न पुरता ऐकण्याआधीच माझ्या तोंडून होकार निघतो. कंडक्टरने क्षणभर पाहिले, तिकीट फाडले आणि मला जुन्या गावाच्या फाट्यावर उतरवले.

तिथे गाव नव्हते. बाभळी होत्या, एक बांधीव विहीर होती आणि गवतात बुडालेली जोती. एका ठिकाणी दगडी पायऱ्या चढून वर जात होत्या आणि वर काहीच नव्हते. शेजारच्या सोयाबीनमध्ये एक बाई खुरपत होत्या. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

"हितं कुणी ऱ्हात न्हाई, बाई. साळा नव्यात हाय. ह्या वाटंनं सरळ जावा."

थोडे अंतर त्या सोबत आल्या. एका ढिगाऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, हे आमचे घर. भूकंपाच्या पहाटे म्हैस सुटली म्हणून त्या बाहेर आल्या होत्या. आत होते ते आतच राहिले. भिंती हातभर जाड, दगडामातीच्या, आणि माळवदावर (मातीच्या धाब्यावर) आणखी माती. "भायेर आलं ते वाचलं," त्या म्हणाल्या आणि खुरपणीकडे वळल्या.

नवे गाव सरळ रेषेत आखलेले. घरांना क्रमांक. शाळेत पाच लॅपटॉपभोवती मुले दाटीने बसली होती. त्यांतली शिवकन्या दहा वर्षांची, किराणा दुकानदाराची मुलगी. शाळेतर्फे तिचाच खेळ दाखवायचा असे गुरुजींनी ठरवले होते. तिने दगडाचे घर काढले होते, एकेक दगड वेगळा. जमीन हलली की तिची बाहुली दारातून धावत घरापुढच्या मोकळ्या खळ्यात जाई आणि हात वर करी. तो हात वर करायला तिला दोन आठवडे लागले, असे मुलांनी सांगितले.

तिचे वडील दारात उभे होते. पुढच्या जूनमध्ये तिला लातूरच्या फाउंडेशन क्लासला घालायचे नक्की झाले आहे, हॉस्टेलही पाहून ठेवले आहे, पाचवा मजला, हवा चांगली, असे त्यांनी सांगितले. मी म्हणाले, "हो."

मुक्कामाला लातूरला परतले. खोलीच्या खिडकीखाली एक क्लास होता. ध्वनिवर्धकातून सरांचा आवाज वर येत होता: चार पर्याय असतात, उत्तर एकच असते. तेवढ्यात जपानच्या शिक्षिका मोरिताबाईंचा निरोप आला. शिवकन्येचा खेळ मी त्यांना शाळेतूनच पाहायला पाठवला होता. अतिशय नम्र इंग्रजीत त्यांनी लिहिले होते की, त्यांच्याकडे हादरा बसताच मुले टेबलाखाली जातात. बाहेर धावणे धोक्याचे. शिवकन्येच्या खेळात चूक राहिली आहे. दोन्हीकडे एकच नियम असावा, ती चूक दुरुस्त करता येईल का?

दुपारीच त्या खुरपणाऱ्या बाई भेटल्या होत्या. तो ढिगारा पाहून आले होते. तरीही मी "हो" असे उत्तर पाठवले आणि चहा निवायच्या आत, शिवकन्येचा खेळ ऑनलाइन उघडून, स्वतःच्या हाताने, बाहुलीचे खळे पुसून तिला टेबलाखाली बसवले.

दुसऱ्या दिवशी भेटीची वेळ साडेनऊची. मी नऊला पोचले. या वेळी कंडक्टरला "नवं" असे स्वच्छ सांगून. शिवकन्येने खेळ चालू केला. जमीन हलली. बाहुली टेबलाखाली शिरली.

"बाई, ही मरंल."

मीच बदल केला, मोरिताबाईंनी सांगितले म्हणून, असे मी कबूल केले. ती चिडली असती तर बरे झाले असते.

"त्यांची घरं कशाची हायत?" तिने विचारले.

मला ठाऊक नव्हते. मी विचारलेच नव्हते.

पंचवीस मिनिटे उरली होती. 'जर-नाहीतर' हा ठोकळा (आज्ञेचा तयार तुकडा) मुलांना अजून शिकवलेला नव्हता. तो पुढच्या महिन्याचा पाठ होता. जर पाऊस पडला तर पीक येईल, अशी संकेतार्थी वाक्ये मी तीस वर्षे फळ्यावर लिहिली. पण काल संध्याकाळी मला एकही 'जर' सुचला नव्हता. मी तो ठोकळा दाखवला. शिवकन्येने एकदाच पाहिला आणि रचले: जर घर दगडाचं, तर खळ्यात. नाहीतर टेबलाखाली. बाहुलीने हात वर केला तेव्हा साडेनऊला दोन मिनिटे कमी होती.

पडद्यावर जपानची मुले आली. मोरिताबाईंना मी अडखळत सांगितले की माझा कालचा होकार घाईचा होता आणि चूक या मुलीची नव्हती. त्यांनी आपल्या मुलांकडे वळून काही विचारले आणि सगळी मुले एका सुरात म्हणाली, "हाय!" जपानी भाषेत त्याचा अर्थ 'होय'. आमच्या वर्गात हशा पिकला.

"बाई, ते आपलंच बोलायलेत की," मागून कोणीतरी म्हणाले.

शिवकन्येने खेळ चालवून दाखवला, तेव्हा तिकडच्या एका मुलाने शंका काढली: घर कशाचे आहे हे बाहुलीला कळणार कसे? मोरिताबाईंनी ती इंग्रजीत सांगितली, मी मराठीत. शिवकन्येने क्षणही घेतला नाही.

"आधी इचारायचं."

मी ते भाषांतरित केले. माझा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात मला दिसत होता. तिकडे पाहणे टाळले. दोन्ही शाळांनी तिथेच ठरवले की खेळाच्या आरंभी एक प्रश्न येईल, दोन्ही लिप्यांत: तुझे घर कशाचे आहे?

भेट संपली. मुले पांगली. शिवकन्या मात्र लॅपटॉपपाशीच थांबली.

"बाई, पाचव्या मजल्यावर दोन्हीतलं कुठलं? तिथं खळं न्हाई."

वडील दारातच होते. "बिल्डिंग नवी हाय, बाळा," ते म्हणाले.

"नवी म्हंजे कशाची?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. शिकलेली बाई म्हणून पाहिले असावे. माझा 'हो' ओठांपर्यंत आला होता.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "विचारावं लागेल."

"इचारतो," ते शिवकन्येला म्हणाले. पाचव्या मजल्यासाठी तिने तिसरा ठोकळा जोडला, तो रिकामाच ठेवला आणि लॅपटॉप बंद केला.

परतताना लातुरात बस हॉस्टेलांच्या इमारतींमधून सरकत होती. प्रत्येक मजल्यावर वाळत घातलेले टॉवेल, प्रत्येक खिडकीत एक टेबल. मी मजले मोजत राहिले आणि सारखी मोजणी चुकत राहिली. अहमदपूरला या वेळी बशीभर सुशीला संपवली, पण चव आठवत नाही.

नांदेडला आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. एकवीस वर्षे तिथे राहते. आल्या आल्या, पिशवी खांद्यावर असतानाच, भिंतीवर बोटांनी वाजवून पाहिले. काही कळले नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या अध्यक्षांना विचारले. तेही गोंधळले, म्हणाले, आजवर असे कुणी विचारलेच नाही.

वाचकहो, आपले घर कशाचे आहे?