नाडीची वही

चाळीस मुली एकाच वेळी गप्प बसल्यात, असं आमच्या निपाणीच्या शाळेत आठवड्यातून एकदाच व्हायचं. बुधवारी, तिसऱ्या तासाला. डाव्या मनगटावर उजव्या हाताची तीन बोटं, डोळे मिटलेले, ओठ मात्र हलताहेत, आणि टेबलाशी मी स्टॉपवॉच धरून उभी. ‘सुरू’ म्हटलं की खिडकीबाहेरचं सगळं लांब जायचं. रस्त्यावरची बैलगाडी, शेजारच्या वर्गातले पाढे, सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू यायचं. मुली आपापल्या आत उतरलेल्या असत आणि त्यांच्याकडे बघता बघता मीही कुठेतरी उतरून जायची. ‘थांबा’ म्हणायला मला दोन-तीन सेकंद उशीर व्हायचा, आणि अख्ख्या वर्गाची नाडी दोन-तीन ठोक्यांनी जास्त भरायची. हे आज कबूल करते. त्या वेळी मला ते सांगायची कुणाची बिशाद नव्हती.

ऐंशी साल उजाडायला अजून दोन-तीन वर्षं होती. मी बेळगावची, खडेबाजारातल्या एका माडीवर वाढलेली, शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन नुकतीच निपाणीला आलेली. पदर खोचून पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालणारी बाई गावानं आधी बघितली नसावी. बाजारातून जाताना पोरं मागून ‘लेफ्ट-राइट’ करायची. त्याचं मला काही वाटत नसे. राग यायचा तो हेडमास्तरांचा. ‘‘बाई, पोरींस्नी चार उड्या मारायला लावा, पंधरा ऑगस्टला कवायत बसवा. खेळाला आणि शास्त्र कसलं आलंय?’’ असं ते स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले. राग माझ्या नाकावरच असायचा. महिनाभर भांडून मी बुधवारचा तो एक तास मिळवला. वर्गात शरीराचं शास्त्र आणि संध्याकाळी मैदानात त्याचा पडताळा, अशी माझी योजना होती.

मैदान म्हणजे शाळेमागची तांबडी जमीन. फक्कीनं रेषा आखायच्या, दोन बांबूंना जाळी बांधायची, आणि बॉल बॅडमिंटन. कर्नाटकातल्या शाळांतून हा खेळ फार. एका बाजूला पाच जणी, लाकडी रॅकेटी आणि मोठ्या लिंबाएवढा पिवळ्या लोकरीचा चेंडू. तो फुलासारखा तरंगत नाही, रबरी चेंडूसारखा उसळतही नाही. रॅकेटीला लागताना थप्प असा मऊ आवाज करतो आणि निघतो. संध्याकाळचं ऊन तिरपं झालं की तो उन्हात गेला की दिसेनासा व्हायचा आणि सावलीत आला की पुन्हा सापडायचा. गावावर तंबाखूचा वास कायमच असे, गोडूस आणि जड. त्या वासात मुली अनवाणी धावायच्या, वेण्या उडायच्या, आणि मी कडेला बसून कोणाचा श्वास किती वेळात शांत होतो ते लिहायची. ती वर्षं आठवली की मला आधी तो थप्प आवाज ऐकू येतो. मग मुली दिसतात.

त्यांत एक डावखुरी होती. आठवीतली, उंच, हातापायांनी लांब. तिची आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती, वडील नव्हते. पोरगी बोलायची कमी. पण चेंडू तिच्याकडे गेला की समोरच्या पाचही जणी दचकायच्या, कारण तो कुठून येईल ते कळायचंच नाही. मनगट असं फिरायचं की मी शास्त्र विसरून नुसती बघत बसायची. दसऱ्याच्या सुट्टीनंतर चिकोडीला तालुक्याच्या मॅची होत्या. ही मधे उभी राहिली तर आम्ही जिंकतो, हे मला लख्ख दिसत होतं.

तेव्हाच मला वहीची बुद्धी सुचली. प्रत्येकीनं वीस पानी वही करायची. रोज सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, मिनिटभर नाडी मोजून लिहायची. शांत माणसाची नाडी म्हणजे त्याच्या हृदयाची खरी ताकद, असं मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. पंधरा दिवसांनी वह्या तपासल्या. डावखुरीचे आकडे सगळ्यांत जास्त, रोज शंभराच्या आसपास. मला वाटलं, मोजायला चुकली असेल. म्हणून सकाळी शाळा भरताच तिला बाकावर तीन मिनिटं चढउतार करायला लावली आणि नाडी स्वतः धरली. ती पळत सुटली होती, आणि पुस्तकात लिहिल्या वेळात खाली येतच नव्हती. पुस्तकात अशा हृदयाला एकच शब्द होता.

मी तो वर्गात, सगळ्यांदेखत वापरला. ‘‘तुझं हृदय अशक्त आहे. तुला खेळवणं म्हणजे जिवाशी खेळ. तू पाचात नाहीस.’’

ती म्हणाली, ‘‘बरं, बाई.’’ आणि जागेवर जाऊन बसली.

मला वाटलं, केवढं मोठं काम केलं आपण. एक जीव वाचवला. त्या दिवशी मी हेडमास्तरांनाही ऐकवलं की बघा, याला म्हणतात शास्त्र.

तीन दिवसांनी पोरगी शाळेतच येईना. तिच्या बाकावरच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘तिच्या आईनं लई मनाला लावून घेतलंय, बाई. काळजाची अधू पोरगी कोण करून घेणार म्हणून रडालीया. खेळू नगं, पळू नगं म्हणालीया.’’

‘‘मग ती घरी झोपून असते का?’’

‘‘न्हाय की. वखारीत जातीया आईसंगं.’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अधू पोरीला खेळू देत नाही आणि मजुरीला जुंपते, ही कसली आई? शाळा सुटल्यावर मी तशीच बूट आपटत वखारीत गेले. चांगली खरडपट्टी काढायची, कोणते शब्द वापरायचे, सगळं मनात ठरवून.

आत पाऊल टाकलं आणि शब्द जागच्या जागी राहिले. उंच छपराची ती वखार. वरच्या झरोक्यातून उन्हाचे पट्टे खाली आलेले, आणि त्या पट्ट्यांत सोन्याची धूळ तरंगतेय असं वाटावं. वीस-पंचवीस बायका तोंडाला पदर बांधून बसलेल्या, चाळण्या एका लयीत हलताहेत, सर्र सर्र. काय सुंदर दिसत होतं ते! कुणीतरी आत शिंकत होतं, कुणी हळू आवाजात बोलत होतं, आणि मी दारात उभी राहून स्वप्नात असल्यासारखी बघत राहिले. किती वेळ, ते सांगता येत नाही. मग छप्पर हळूच एका बाजूला कललं. तोंडाला पाणी सुटलं, कपाळावर घाम आला. सवयीनं माझी तीन बोटं मनगटावर गेली. नाडी पळत सुटली होती.

कुणीतरी मला धरून पोत्यावर बसवलं. ती डावखुरीच होती. तिच्या मागून तिची आई आली, तोंडावरचा पदर खाली ओढत.

‘‘काय व्हत न्हाय, बाई, बसा घटकाभर,’’ आई म्हणाली. ‘‘नव्या माणसाला चढतीया तंबाकू. ए पोरी, गुळाचा खडा आण.’’

बायका हसल्या. हसणं वाईट नव्हतं, नव्या सुनेला हसावं तसं होतं. मी गूळ चघळत वर बघितलं तर तराजूच्या वरच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ.

पोरगी माझ्या नजरेमागं बघून म्हणाली, ‘‘त्यावरच मोजत हुतो मी नाडी. घरात घड्याळ न्हाय, बाई. सकाळी सहाला आईसंगं येतो, साडेधापतोर काम करतो, मग शाळेत येतो. जरा सवड गावली की मोजायचो.’’

‘‘मग मला सांगितलं का नाहीस?’’

‘‘तुमी इचारलं न्हाईसा.’’

खरंच विचारलं नव्हतं. माझ्या माडीवर उशाशी गजराचं घड्याळ होतं, म्हणून जगात सगळ्यांच्या उशाशी असतं असं मी धरून चालले होते. पंधरा दिवस तिनं तंबाखूची नाडी मोजली होती आणि मी तिला हृदयाची समजले होते. मी शाळेत स्वतः धरलेली नाडीही वखारीतून थेट आलेल्या पोरीची. निपाणीतल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं हे चुलीपुढं बसल्या बसल्या सांगितलं असतं. मला लाज वाटली.

मी तिच्या आईला म्हटलं, ‘‘आक्का, माझं चुकलं. तुमच्या पोरीचं हृदय चांगलं आहे. तिला खेळू द्या.’’

तिनं शांतपणे माझ्याकडे बघितलं. ‘‘त्या दिवशी तुमीच म्हणलासा, अधू हाय. आज तुमीच म्हणताय, न्हाय. आमी अडाणी माणसं. कुटलं खरं धरायचं, सांगा.’’

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला विचारलं, खरं सांगा, नाडी कुठं मोजता? एक म्हणाली चहाच्या हॉटेलसमोर, कारण तिथं घड्याळ आहे, आणि तिथवर ती पळत जाते. एक स्टँडवर मोजायची. तिघी तर आदल्या दिवशीचाच आकडा जरा वरखाली करून लिहीत होत्या. अंथरुणात मोजणाऱ्या सहाच निघाल्या. मी सगळ्यांदेखत सांगितलं की ही सगळी परीक्षा फुकट गेली आणि चूक माझी आहे. मग फळ्यावरचं ते मोठं वाक्य पुसलं. स्टाफरूममध्ये हेडमास्तरांनी ‘‘काय बाई, शास्त्र काय म्हणतंय?’’ असं विचारलं, तेही निमूट ऐकून घेतलं.

पण आईला खरं कसं पटवायचं? शेवटी मीच वाट काढली. दसऱ्याची सुट्टी लागत होती. पोरीची मावशी सदलग्याला होती, तिकडं उसाचा मुलूख, वखार नाही. आठ दिवस तिला तिकडं पाठवा, तिथं मोजू दे, मग मी सांगेन ते नाही, वही सांगेल ते धरा, असं मी म्हटलं. आठ दिवसांची हातातली मजुरी सोडून आईनं पोरीला पाठवलं.

ते आठ दिवस मी बेळगावला आईकडे काढले, पण मन थाऱ्यावर नव्हतं. दुपारी पडलं की मला सदलग्याची वाट दिसायची. न पाहिलेली वाट. दोन्ही बाजूंना ऊस, मधून एक पोरगी चालतेय, आणि तिच्या मनगटावर तिचीच तीन बोटं. माझ्या एका शब्दानं तिचं लग्न, तिचा खेळ, तिची आपल्या शरीरावरची श्रद्धा, सगळं लटकलं होतं. आकडे पुन्हा मोठेच आले तर? खरंच अशक्त असली तर? देवाला नवस बोलायची मला लाज वाटली, तरी बोलले.

निपाणीला परतले तर शाळेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलेलं. ओळीनं सात आकडे, सगळे सत्तरच्या आत. माझ्या अख्ख्या वर्गात इतकी संथ नाडी कुणाची नव्हती. खाली लिहिलं होतं, ‘‘शेजारच्या जैनांच्या सोप्यात घड्याळ आहे. उठून तिथं जाते आणि मोजण्याआधी घटकाभर आडवी होते. तिथली आज्जी रोज कानडीत विचारते, या पोरीला काय झालंय.’’ मी ते कार्ड हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं नाही. इतकी अक्कल तोवर आली होती.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. एक खोली, दाराशी तुळशीच्या जागी जास्वंद, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. पोरगी सकाळीच सदलग्याहून आलेली. मी एकेक आकडा वाचला आणि प्रत्येकाचा अर्थ सांगितला. अशी नाडी खेळणाऱ्याची असते, धावणाऱ्याची असते, ही पोरगी काळजानं सगळ्यांत बळकट आहे. आईनं पदराचं टोक डोळ्याला लावलं. ‘‘मग जाऊ दे चिकोडीला,’’ ती म्हणाली. ‘‘तिच्या नशिबात चेंडू हाय, खेळू दे.’’ पोरगी इतकी हसली की मलाच रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

मग आईनं हात लुगड्याला पुसला आणि माझ्यापुढं केला. ‘‘माजीबी बगा की, बाई.’’

ती तासाभरापूर्वीच कामावरून आली होती. मी बोटं ठेवली. स्टॉपवॉच पोरीनं धरलं. मिनिट संपलं.

‘‘किती?’’ आईनं विचारलं.

या वेळी मी ‘अशक्त’ म्हटलं नाही, ‘चांगली’ही म्हटलं नाही. खरा आकडा सांगितला, शंभराच्या वरचा. तिनं तो ऐकला, लेकीच्या कार्डाकडे बघितलं आणि हसून म्हणाली, ‘‘मग आता मला कुटल्या सदलग्याला धाडताय?’’

मी तिचा हात हातात धरून ठेवला. शुक्रवारी तिची लेक चिकोडीला खेळली आणि आम्ही जिंकलो. मॅच बघायला ती आली नव्हती. त्या दिवशी वखार चालू होती.